ऐकलंत का?

आमच्या कॉलेजच्या टोळक्यात दर शनिवारी एकाची पाळी असते. त्याने रात्री नऊच्या आत चार गोष्टी सुचवायच्या: एक गाणं, एक वाइन, एक कविता आणि एक विचार. ही कल्पना ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाली, तो स्वतःची पहिली पाळी झाल्यापासून 'जरा कामात' आहे. बाकीचे आम्ही भिडेखातर रेटतोय.

पाळी आली की मंगळवारपासूनच माझ्या पोटात गोळा येतो. खरं सांगायचं तर आठवडाभर माझ्या कानांवर सगळ्यात जास्त पडलेलं संगीत म्हणजे कचऱ्याच्या गाडीचं गाणं, पोटात गेलेलं पेय म्हणजे चहा, आणि डोक्यातला विचार एकच: सिलिंडरचा नंबर लावला का? हे कोण लिहिणार! म्हणून मग जो तो आपण कोण असायला हवे होतो, त्या माणसाच्या आवडी पाठवतो.

गाण्यात तर फार जपावं लागतं. एकदा मी रात्री साडेआठला ललित पाठवला. पहाटेचा राग रात्री पाठवला म्हणून एका मित्राने माझ्यावर चार परिच्छेद लिहिले. मालकंस पाठवला असता तर चाललं असतं म्हणे. दुसऱ्या एका मित्राने मात्र मनापासून दाद दिली. 'काय चपळ गायलंय!' चपळ? विलंबित ख्याल होता तो. चौकशीअंती कळलं की हा गृहस्थ सगळं दीडपट वेगाने ऐकतो, वेळ वाचतो म्हणून. पाऊण तासाची बैठक अर्ध्या तासात उरकून तो आंघोळीला जातो.

बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं: 'वा! निवांत ऐकतो.' हा निवांतपणा आजवर कुणाच्या घरी आलेला नाही. मी स्वतःची समजूत घालते ती केसरबाई केरकरांची आठवण काढून. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यात गोव्याच्या या बाईंची भैरवी आहे. आख्ख्या पृथ्वीने मिळून केलेली शिफारस ती! अजून पलीकडून 'निवांत ऐकतो' एवढंसुद्धा आलेलं नाही. मग माझ्या ललितचं काय घेऊन बसलात?

कविता आणि विचार ही खाती त्या मानाने सोपी. कविता कुणाची ते कळलं नाही की खाली कुसुमाग्रज लिहायचं, विचार कुणाचा ते कळलं नाही की विवेकानंद. दोघेही तक्रार करायला येत नाहीत.

खरी गोची वाइनची. 2022 साली सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ उठला होता. आमच्या घरात तो दर पाळीला उठू शकतो, कारण घरात सासूबाई आहेत. गेल्या पाळीला नवऱ्याने नाशिकची शेनिन ब्लाँ आणली आणि फ्रीजमध्ये डोशाच्या पिठामागे दडवली. पीठ काढायला गेलेल्या सासूबाई बाटली घेऊनच बाहेर आल्या.

"हे काय गं?"

"द्राक्षांचं असतं, आई," मी म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"द्राक्षासव? एवढ्या मोठ्या बाटलीत?"

नवरा एकदम पेपर वाचायला लागला. सासूबाईंनी चष्मा लावून लेबल वाचलं. पिकलेल्या पेरूचा गंध, लिंबाची झाक वगैरे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी वाटीत चमचाभर ओतून घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि निकाल दिला: "पेरूबिरू काही नाही. नुसतं आंबलंय. आमच्यात मनुका असतात, धायटीची फुलं, दालचिनी, वेलची, नागकेशर, पिंपळी. यात काय घातलंय?"

यात फक्त द्राक्षं आहेत, हे सांगायची मला लाज वाटली.

पावणेनऊ वाजले होते. मी वाइनच्या रकान्यात 'द्राक्षासव' लिहिलं. सासूबाई मागे उभ्या राहून सांगत होत्या, "लिही, जेवणानंतर घ्यायचं. तितकंच पाणी घालून. आणि ग्लासात नाही म्हणावं, चमच्याने." मी तेही लिहिलं.

त्या रात्री कुणीही 'निवांत घेतो' म्हटलं नाही. 'कुठल्या कंपनीचं?' 'फ्रीजमध्ये ठेवायचं का?' 'सोबत चीज चालेल?' सोमवारपर्यंत बाटल्यांचे फोटो यायला लागले. ललितवरून मला झोडपणाऱ्याने रंग, गंध आणि 'मागाहून रेंगाळणारी पिंपळी' यावर चार परिच्छेद लिहिले. पुढच्या शनिवारी दीडपट वेगवाल्याची पाळी होती. त्याने गाणं, कविता, विचार सगळं एका ओळीत उरकलं आणि वाइनच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: दशमूलारिष्ट.

मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं.

"ते बाळंतिणीला देतात," त्या म्हणाल्या. "त्याला काय झालंय?"