कोर्टात टिकेल असा अन्याय

आस्थापना शाखेचा पदभार मिळाला, अभिनंदन साहेब. पदोन्नतीची यादी निघाली की कोणीतरी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाणार, हे धरूनच चाला आणि बिचकू नका. न्यायाधिकरण किंवा उच्च न्यायालय तुमच्या निवडीवर अपील ऐकत बसत नाही. कोण लायक हे पदोन्नती समितीने ठरवावं, असं ते स्वतःच निकालांमागून निकालांत सांगत आले आहेत. नियम पाळला का, संबंधित कागद समितीपुढे होते का, आकस किंवा मनमानी दिसते का, एवढंच ते बघतात. दिसते का, साहेब. असण्याचा प्रश्न तुमचा आणि तुमच्या देवाचा.

कर्मचाऱ्याला बढतीचा हक्क नाही. बढतीसाठी विचार होण्याचा मात्र मूलभूत हक्क आहे. तेव्हा विचारात काटकसर नको. 'सर्व पात्र अधिकाऱ्यांच्या नावांचा साकल्याने विचार करण्यात आला' हे वाक्य इतिवृत्तात असू द्या. बैठकीआधीच टाइप करून ठेवलं तरी चालतं, तारीख तेवढी बघा.

खरी जोखीम गोपनीय अहवालात आहे. पूर्वी किती सोय होती! निकष 'अतिशय चांगला' ठेवायचा आणि नको असलेल्या माणसाला 'चांगला' द्यायचा. शेरा प्रतिकूल नाही, म्हणून कळवायचा नाही; कळवला नाही, म्हणून तक्रार नाही. सीमा रस्ते खात्यातल्या एका अभियंत्याची बढती 1993-94 सालच्या अशाच एका 'चांगला'ने अडली. देव दत्त निकालात, 2008 साली, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की बढती अडवणारा 'चांगला' हा प्रतिकूलच, आणि शेरा कोणताही असो, तो कळवलाच पाहिजे. तोवर अभियंता निवृत्त झालेला. न्यायालयाने त्याला काय दिलं? शेरा कळवा, त्याचं निवेदन घ्या, शेरा सुधारलाच तर पूर्वलक्षी पदोन्नतीचा विचार करा आणि मिळाली तर वाढीव पेन्शन आणि पगाराची थकबाकी 8 टक्के व्याजाने द्या. खुर्ची देणं कोणाच्याच हातात उरलं नव्हतं. हा निकाल तुमच्या विरोधात गेला असं शाखेत कोणी म्हणालं, तर त्याला पुन्हा वाचायला सांगा.

मोहोरबंद पाकिटाचीही, म्हणजे चौकशीतल्या माणसाबद्दलचा समितीचा निर्णय चौकशी संपेपर्यंत बंद ठेवण्याचीही, तशी अडचण नाही. 1991 च्या जानकीरामन निकालाप्रमाणे नुसती चौकशी घाटते आहे म्हणून नाव पाकिटात घालता येत नाही. दोषारोपपत्र बजावलेलं लागतं. मग बजावा की! दहा वर्षं धूळ खात पडलेली तक्रार बैठकीच्या आठवड्यात हाती लागणं हा निव्वळ योगायोग, आणि तो योगायोग नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची.

एक मात्र कटाक्षाने पाळा. कारण द्यायचं तर आदेशातच द्या. आदेशात नसलेली कारणं मागाहून प्रतिज्ञापत्रात घुसडता येत नाहीत, हे 1977 सालीच मोहिंदर सिंग गिल खटल्यात ठरलं आहे. सरकारी वकील याच ठेचेने पडतात. तुम्ही नका पडू.

समजा, एवढं करूनही हरलात. तर काय होईल? बहुतेक वेळा न्यायालय स्वतः बढती देत नाही, 'फेरविचार करा' म्हणून परत पाठवतं. कोणाकडे? तुमच्याकडेच. पुन्हा समिती बसवा, या वेळी नीट कारणं लिहा, निर्णय तोच ठेवा. मधल्या काळात कनिष्ठांना 'न्यायालयीन निर्णयाच्या अधीन राहून' पदोन्नत्या देऊन टाका, म्हणजे पदं रिकामी राहायची नाहीत. अवमान याचिकेची नोटीस आली की मुदतवाढ मागा. 'प्रकरण शासनस्तरावर विचाराधीन आहे.'

आणि अगदीच गळ्याशी आलं तर मानीव दिनांक, म्हणजे बढतीची कागदोपत्री मागची तारीख, देऊन मोकळे व्हा. काल्पनिक वेतननिश्चिती, प्रत्यक्ष काम केलेलं नसल्याने थकबाकी अनुज्ञेय नाही. त्यावर हरकत आली तर आवक क्रमांक टाका आणि नवी फाइल उघडा.