उंटाची चाल, माझी कंबर

मस्कतमध्ये राहून अरबी शिकायची तर बाजारात घासाघीस करता येईल एवढी शिकावी. मला हौस अभिजात अरबीची. आमच्या उस्तादांनी वर्गात थेट सआलिबी काढला. इ.स. १०३८ मध्ये वारलेला हा निशापूरचा भाषापंडित. त्याच्या ‘फिक्ह अल-लुगा’ या अरबी शब्दांवरच्या ग्रंथात उंटाच्या चाली पायरीपायरीने लावून दिल्या आहेत. बसऱ्याच्या अस्मई या जुन्या शब्दपंडिताचा हवाला देऊन तो सांगतो: ऐसपैस चाल ती अनक, जरा वेग चढला की तझय्युद, आणखी चढला की झमील, त्याच्याही वर रसीम. शहामृगासारख्या तंगड्या फेकत निघाला की वख्द. पुढेही बऱ्याच आहेत, पण तिथवर वर्ग जांभया देत होता. आपल्याकडे घोड्याला दुडकी आहे, रहवाल आहे, फारच झालं तर चौखूर उधळणं आहे. उंटाच्या वाट्याला आपण फक्त शहाणा दिला, तोही वर बसलेला.

उस्तादांच्या मते शब्द अंगात मुरावे लागतात. म्हणून एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला बिदियाच्या वाळवंटात नेलं.

उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कपाळमोक्ष व्हायचा तेवढा राहिला. सावरतोय तोच पुढचा भाग उठला आणि मी मागे कलंडलो. एवढं होऊनही आम्ही जागच्या जागीच होतो! मग स्वारी निघाली. हा प्राणी एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे वरचा माणूस डावी-उजवीकडे हेलकावत राहतो आणि खोगिराची लाकडी कड दर हेलकाव्याला नेमकी त्याच जागी लागते.

“बोला, ही कुठली चाल?” खाली सावलीत उभे राहून उस्तादांनी विचारलं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत, शेळ्यांच्या जागेवरून उंट हाकणारे हे पहिलेच.

“रसीम!” मी कळवळून म्हणालो.

“छे, छे. अनकसुद्धा नाही. ही दबीब. नुसतं सरपटणं.”

उंटवाल्याला बहुधा माझी दया आली. त्याने जिभेने टक् टक् केलं आणि उंटाने एका दमात दोन-तीन शब्द ओलांडले. कुठले, ते मी पाहिलं नाही; डोळे मिटलेले होते.

रविवारी वर्गात उस्तादांनी घोड्याच्या चाली काढल्या. मी त्या उभ्यानेच ऐकल्या.