हवेचा हिशेब कोणाच्या वहीत मांडायचा?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजकांमध्ये प्रदूषणाच्या नियमांचा विषय निघाला की पहिला प्रश्न खर्चाचा येतो, आणि अनेक वर्षे कारखान्यांचे उत्पादनखर्च काढत आलेल्या माझ्यासारख्याला तो गैर वाटत नाही. धूर गाळणारी यंत्रणा बसवली की तिची किंमत, तिला लागणारी वीज आणि देखभाल एकाच मालकाच्या ताळेबंदात उतरते. टळलेला दमा आणि वाचलेले आयुष्य मात्र लाखो घरांत विखुरलेले असते. त्याची पावती कोणी फाडत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1997 मध्ये हा हिशेब मांडला, तेव्हा 1970 ते 1990 या काळात स्वच्छ हवा कायद्यापोटी झालेला खर्च सुमारे 50 हजार कोटी डॉलर आणि लाभ सुमारे 22 लाख कोटी डॉलर निघाला. यातला बहुतांश लाभ टळलेल्या अकाली मृत्यूंचा आहे. जिवाची ही किंमत धोका थोडा कमी व्हावा म्हणून लोक किती पैसे सोडायला तयार असतात त्यावरून काढतात, म्हणजे मजुरी कमी असलेल्या देशात त्याच रीतीने जीवही स्वस्त ठरतो. (मला हे कधीच पटलेले नाही.) म्हणून मर्यादा आरोग्य पाहून ठरवावी आणि तेथवर पोहोचण्याचा मार्ग खर्च पाहून निवडावा, असे माझे मत आहे. हवेची राष्ट्रीय मानके ठरवताना खर्च विचारात घेता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दिलाच आहे.

आपल्याकडे औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये आली, मुदत वारंवार वाढली आणि जुलै 2025 मध्ये बहुसंख्य संचांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु हा वायू हवेत सूक्ष्म कणांत रूपांतरित होऊन दूरवर जातो, आणि शिवाय ज्यांनी वेळेत पैसे घातले ते मूर्ख ठरले. पुढच्या नियमाची मुदत कोण गांभीर्याने घेईल?

मार्ग स्वस्त करता येतो, हे शेजारच्या सुरतेने दाखवले. तेथे 2019 पासून कारखान्यांच्या धूलिकणांवर एकत्रित मर्यादा घालून तिच्या आत उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली; उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनी घटले आणि ते रोखण्याचा खर्चही कमी झाला. तोच प्रयोग जसाच्या तसा नाशिकला लागू पडेल असे मात्र मी म्हणणार नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत असलेल्या आपल्या शहरात कारखान्यांच्या धुराड्यांइतकीच रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या धुळीची चिंता आहे, आणि 2027 च्या सिंहस्थासाठी कामे वाढतच जाणार. अशा कामांत पाणी मारणे, झाकून वाहतूक करणे हे सारे ठेकेदाराने एकूण दरातून भागवायचे असेल, तर न करण्यातच त्याचा नफा असतो. अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र बाब आणि स्वतंत्र दर ठेवावा, आणि मोजमाप झाल्याशिवाय त्या बाबीचे बिल काढू नये.