दचकणारं लेकरू आणि ओढून केलेली मालिश

बीड-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाळंतिणींसाठी एक सल्ला फिरतो: ‘लेकरू दचकतंय म्हणजे भ्यालंय, दृष्ट काढा. एक हात कमी हलवत असेल तर मालिशवाल्या मावशीकडून ओढून घ्या. उभं धरल्यावर पावलं टाकली तर लवकर चालणार.’ तिन्ही गोष्टी चूक; दुसरी तर धोक्याची.

दार आपटलं किंवा डोकं जरा मागं गेलं, की नवजात बाळ दोन्ही हात बाजूला फेकतं, बोटं उघडतं, मग हात छातीशी घेतं आणि बहुधा रडतं. हा मोरो रिफ्लेक्स, म्हणजे बाळाच्या अंगाची आपोआप होणारी हालचाल. पूर्ण दिवसांच्या बाळात तो दिसायलाच हवा. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात आपोआप जातो. त्यानंतरही टिकला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता हाताचं. दोन्ही हात सारखे हलतात का, हे डॉक्टर याच रिफ्लेक्सवरून बघतात. तपासताना बाळ जागं आणि शांत लागतं. भुकेलं लेकरू रडतं, पोट भरलेलं झोपतं, म्हणून दोन पाजण्यांच्या मधली वेळ बरी. उताणं निजवून डोकं अगदी सरळ ठेवतात. मान वळलेली असली तर निरोगी बाळाचेही हात असमान दिसतात. डॉक्टर डोकं तळहातावर घेऊन गादीपासून दोन-तीन सेंटीमीटर उचलतात आणि आपला तो हात पटकन खाली नेतात; डोकं हातातच राहतं. घरी हे करू नका. एकच हात उघडला, तर बाळंतपणात खांदा अडकून मानेतून हाताकडं येणाऱ्या नसा ताणल्या असतील किंवा गळ्याखालचं आडवं हाड मोडलं असेल. नसांची इजा असेल तर कोपर सरळ, तळवा मागं वळलेला, असा हात अंगालगत पडून राहतो. मुठीची पकड मात्र बहुधा शाबूत असते, आणि तिथंच घरचे फसतात: ‘बोट धरतंय की!’ हाड मोडलेलं असेल तर हात उचलताच लेकरू कळवळतं. अशा हाताला ओढणं, झटकणं वाईटच. झबलं घालताना दुखरा हात आधी घाला, काढताना शेवटी काढा. बरीच बाळं पूर्ण बरी होतात. पण तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकवता आलं नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात दाखवा.

पावलं टाकण्याचा रिफ्लेक्स साधारण दोन महिन्यांत मावळतो. चालण्याच्या वयाशी त्याचा संबंध नाही.

काही हालचाली मात्र दचकणं समजून सोडू नका. थरथरणारा हात हलकेच धरल्यावर थांबला तर सहसा ती साधी थरथर असते. धरूनही झटके चालूच राहिले किंवा डोळे एकीकडं फिरले तर लगेच दवाखाना गाठा. तीन महिन्यांनंतर, झोपेतून उठताना, आवाज नसताना एकामागून एक झटके आले तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येतात. दोन्ही हात सारखे हलतात का, हे त्यांना पहिल्याच भेटीत बघायला सांगा.