दुसरी लाइन आहे, म्हणून इंटरनेट सुरू राहीलच असं नाही

‘दोन प्रोव्हायडरच्या लाइनी घ्या, एकाच राउटरला जोडा. एक पडली की दुसरी आपोआप सांभाळते, कुणाला कळतही नाही.’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. त्यावर विसंबून लोक नेटवर्क उभारतात, म्हणून तो तुकड्यातुकड्याने तपासू.

‘पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कुठल्याही लाइनने जाईल.’ जाईल, पण पोचेलच असं नाही. राउटर एरवी पॅकेट कुठे जायचंय तेवढंच पाहतो, कुठल्या पत्त्यावरून निघालंय ते नाही. एका प्रोव्हायडरने दिलेला पत्ता घेऊन ते दुसऱ्याच्या लाइनवर गेलं, तर दुसरा ते टाकून देऊ शकतो. खोट्या पत्त्यांचे हल्ले रोखणारी ही गाळणी 2000 सालच्या आरएफसी 2827 मध्येच (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम सांगणारे दस्तऐवज) सांगितली आहे, आणि ती योग्यच आहे. आयपीव्ही4 या जुन्या पत्तापद्धतीत राउटरमधलं नॅट पॅकेट बाहेर पडताना त्यावरचा पत्ता बदलतं, म्हणून तिथे ही अडचण झाकली जाते.

‘आयपीव्ही6 या नव्या पद्धतीत कॉम्प्युटरला दोन्ही प्रोव्हायडरचे पत्ते मिळतात, योग्य तो तोच निवडतो.’ माझी खरी हरकत इथे आहे. निवडीचे नियम आरएफसी 6724 मध्ये आहेत. प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, ज्या राउटरने जाहीर केला त्याच्याकडूनच पॅकेट जात असेल तर तो पत्ता घ्यावा, असा नियम त्यात आहे. पण दोन्ही प्रीफिक्स एकाच राउटरने जाहीर केले, की त्याचा उपयोग संपतो. मग समोरच्या पत्त्याशी सुरुवातीचे जास्त बिट जुळणारा पत्ता जिंकतो. बिट जुळण्याचा आणि लाइन चालू असण्याचा काडीचाही संबंध नाही. पॅकेट चालू आणि योग्य लाइनने जायचं, तर राउटरने सोर्स ॲड्रेस, म्हणजे ते निघालंय तो पत्ता, पाहून लाइन निवडायला हवी, आणि एक लाइन पडताच तिचा प्रीफिक्स नव्या कनेक्शनसाठी वापरू नका, असं कॉम्प्युटरांना कळवायला हवं. ही दोन्ही कामं आपोआप होत नाहीत, ती करून घ्यावी लागतात.

‘कुणाला कळतही नाही.’ टीसीपी, म्हणजे इंटरनेटवरची बरीचशी देवाणघेवाण ज्यावर चालते ते, कनेक्शन दोन्ही टोकांच्या पत्त्यांना बांधलेलं असतं. दुसऱ्या लाइनवर जाताना पत्ता बदलला की ते तुटतं, नॅट असलं तरी.

‘मग स्वतःचे पत्ते घ्या, बीजीपी (आपल्या पत्त्यांकडे यायचा रस्ता इतर नेटवर्कना कळवणारी पद्धत) चालवा.’ उपाय खरा आहे, पण प्रत्येक स्वतंत्र प्रीफिक्सचा भार जगभरच्या राउटरांवर पडतो. 12 ऑगस्ट 2014 ला जागतिक रूटिंग टेबलने, म्हणजे अशा सगळ्या रस्त्यांच्या यादीने, 512के (सुमारे पाच लाख बारा हजार नोंदी) ही मर्यादा ओलांडली, तेव्हा तेवढ्याच नोंदींची जागा असलेले जुने राउटर अडखळले होते.

आणि केबल उपटून केलेली चाचणी पुरेशी समजू नका. बिघाड प्रोव्हायडरच्या पलीकडे असेल, तर तुमच्या राउटरचा पोर्ट चालूच दिसतो आणि तो पॅकेट तिकडेच पाठवत राहतो.