'जितका त्रास जास्त, तितकी केमो लागू': या फॉरवर्डचं काय करायचं

घरात कुणाची केमो सुरू झाली की एक निरोप हमखास येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा: "केमोचा त्रास जितका जास्त, तितकं औषध लागू पडतंय. उलटीच्या गोळ्या घेऊन ते दाबू नका. ताप आला तर घाबरू नका, शरीर लढतंय. साखर पूर्ण बंद करा, गाठ उपाशी मरेल. रडू नका, मन खचलं की कॅन्सर जिंकतो." पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण साखरेचं वाक्य सोडलं तर बाकी सगळ्यांचा परिणाम एकच होतो: पेशंट गप्प बसतो. केमो चालू असताना गप्प बसणं धोक्याचं आहे, म्हणून हे उत्तर.

"त्रास म्हणजे औषध लागू पडल्याची खूण." केमोची बहुतेक औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच; पण केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज हेही तसेच. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात. या नुकसानावरून गाठीचं काय झालं ते कळत नाही. त्रास किती व्हायचा हे बरंचसं औषधावर ठरतं. सिस्प्लॅटिन दिलं आणि उलटी रोखणारं काहीच दिलं नाही, तर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना उलट्या होतात. व्हिनक्रिस्टिनने दहापेक्षा कमी जणांना. म्हणून काय व्हिनक्रिस्टिन कुचकामी? लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या मुख्य औषधांत ते गेली अनेक दशकं आहे. गाठ किती आक्रसली हे तपासणीत, स्कॅनमध्ये आणि काही आजारांत रक्ताच्या चाचणीत दिसतं.

या दाव्याला कुठे थोडा आधार असेल तर तो वेगळ्या जातीच्या औषधांत. सेटुक्सिमॅब या, कॅन्सरच्या पेशींवरचं ठरावीक प्रथिन अडवणाऱ्या औषधावर अंगावर पुरळ उठलेल्यांमध्ये औषधाचा गुण जास्त दिसतो, हे खरं आहे. पण ती नेहमीची केमो नव्हे, आणि तिथेही डॉक्टर पुरळावर उपचार करतातच.

"उलटीच्या गोळ्या घेऊन ते दाबू नका." दाबलं जातं ते नक्की काय? केमोमुळे आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन बाहेर पडतं, आणि तिथून मज्जातंतूवाटे उलटीचा निरोप मेंदूकडे जातो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मिळणारं ऑन्डान्सेट्रॉन हा निरोप अडवतं. कॅन्सरच्या पेशी मारण्याचं काम वेगळ्या वाटेने चालतं, त्यात ते हात घालत नाही. शिवाय ही औषधं उलटी होऊ नये म्हणून द्यायची असतात, म्हणून ती सलाईन लावायच्या आधीच सुरू होतात. काही केमोंची उलटी दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळते. घरी दिलेल्या गोळ्या त्यासाठी असतात. "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायच्या नाहीत. सहन करण्याचा हट्ट सिस्प्लॅटिनवर असताना तर दुहेरी महागात पडतो. उलट्यांनी अंगातलं पाणी जातं, आणि हे औषध मुळातच किडनीवर भार टाकणारं. किडनी बिघडली की पुढचा डोस लांबतो किंवा कमी करावा लागतो. म्हणजे औषध लागू पडावं म्हणून सोसायचं, आणि त्यापायी औषधच पूर्ण मिळायचं नाही.

"ताप आला तर शरीर लढतंय." या निरोपातलं सगळ्यात घातक वाक्य हे. बऱ्याच केमोंमध्ये डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. 'काउंट पडले' म्हणतात ते हेच. तेव्हा जंतुसंसर्ग झाला तरी नेहमीच्या खुणा दिसतीलच असं नाही. सूज, लाली, पू हे पांढऱ्या पेशींमुळेच दिसतं, आणि त्याच नसतात. अनेकदा ताप हीच एकमेव खूण उरते, आणि काही तासांत रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून केमोच्या पेशंटला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला की ती इमर्जन्सी. सकाळची वाट बघायची नाही. मनाने पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवायचा नाही, कारण ताप उतरला तरी संसर्ग आत वाढत राहतो. इमर्जन्सी विभागात गेल्यावर पहिलं वाक्य "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला" हे. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, हा तिथला दंडक आहे. आणि थर्मामीटर घरात हवा. कपाळाला हात लावून भागत नाही. स्टेरॉइड चालू असेल तर तापही झाकला जातो. त्यामुळे हुडहुडी भरली, एकदम गळून गेल्यासारखं झालं, तर आकडा नॉर्मल असला तरी फोन करायचाच.

साखरेचं थोडक्यात. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भरपूर खातात हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं, आणि कॅन्सर अंगात कुठे आहे ते दाखवणारा पेट (PET) स्कॅन याच गोष्टीवर चालतो. पण तुम्ही खाल्लं नाही म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते तयार करतं, वेळ पडली तर स्नायू झिजवून. उपाशी पडतो तो माणूस, आणि वजन घटलेल्या माणसाला केमो जास्त जड जाते. मधुमेह असेल, किंवा केमोबरोबरच्या स्टेरॉइडने शुगर वाढत असेल, तर ती सांभाळायलाच हवी. पण तो वेगळा विषय.

"मन खचलं की कॅन्सर जिंकतो." १९८९ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटात बसून मन मोकळं करणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. गंमत अशी की तिथेही रडायला बंदी नव्हती, उलट भीती बोलून दाखवायची मुभा होती. २००१ मध्ये २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरचे एक हजारावर पेशंट तपासले. मनाची अवस्था आणि कोण किती जगलं, यांचा संबंध सापडला नाही. म्हणजे एखाद्या रात्री पेशंट ढसाढसा रडला म्हणून आजार वाढत नाही. उलट 'रडलो म्हणून वाढला' हा अपराधीपणा आपण त्याच्या उशाशी आणून ठेवतो.

मनाचा खरा हात एका ठिकाणी आहे. आधीच्या सायकलमध्ये, म्हणजे केमोच्या फेरीत, खूप उलट्या झालेल्या काही जणांना पुढे वॉर्डाचा वास आला, नुसती इमारत दिसली तरी मळमळतं. हे नाटक नव्हे. शरीर तसं शिकलेलं असतं. त्यावर शिथिलीकरणाचा सराव आहे, गरज पडली तर आदल्या रात्रीची गोळीही आहे. पण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पहिल्याच सायकलपासून उलटी होऊ न देणं. म्हणजे ज्या गोळ्या हा निरोप नाकारायला सांगतो, त्याच.

त्रास सांगण्याने काय होतं, याचाही अभ्यास आहे. अमेरिकेतले कॅन्सरतज्ज्ञ ईथन बॅश यांनी २०१७ मध्ये पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ पेशंटांची आकडेवारी मांडली. एका गटाने आपला त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवला आणि तो वाढला की नर्सला सूचना जायची. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी देखभाल झाली. मधलं आयुर्मान, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ, पहिल्या गटात ३१.२ महिने, दुसऱ्यात २६ महिने. हसत राहा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मळमळ किती, दुखतं किती, दम लागतो का, हे विचारलं होतं.

पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन ही नसांना (मज्जातंतूंना) इजा करू शकणारी केमोची औषधं चालू असलेल्याने त्यात आणखी एक गोष्ट जोडावी. बटण लावताना बोटं बधिर वाटतात का, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही का, हे पुढच्या डोसच्या आधीच सांगायचं. डोस कमी करायचा की औषध बदलायचं हे डॉक्टर त्यावरून ठरवतात, आणि नसा फार बिघडल्या तर त्या नंतर पूर्ण सुधारतीलच असं नाही.