ऊन आहे, पण लाईट नाही

काल भर दुपारी लाईट गेली. लाईट जाण्याचं मला काही वाटत नाही, पण आमच्या छपरावर सोलर आहे हे शेजारच्या काकांना माहीत आहे. पंखा पुरता थांबायच्या आत ते कुंपणापाशी हजर.

"तुमची पण गेली?"

"हो."

काकांनी कपाळावर हात धरून आधी सूर्याकडे पाहिलं, मग पॅनेलांकडे, मग माझ्याकडे.

"ऊन तर आहे."

"आहे."

"पॅनेलंही जागेवर आहेत."

"आहेत."

"मग लाईट कुठंय?"

मी समजावायला घेतलं. पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणारा जो डबा असतो, तो इन्व्हर्टर. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड बंद पडलं की स्वतःहून बंद होतो. तसा झाला नाही, तर आपल्या छपरावरची वीज बाहेरच्या तारांत शिरेल, आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला वायरमन हकनाक जायचा. या बंद होण्याला अँटी-आयलँडिंग म्हणतात. हे शेवटचं मी उगाच सांगितलं.

"म्हणजे लाईट असली की हे लाईट देतं."

"हो."

"आणि लाईट नसली की देत नाही."

"...हो."

"रात्री?"

"रात्री सूर्य नसतो, काका."

"आणि दिवसा लाईट नसते." एवढं बोलून त्यांनी मान वळवली आणि घराच्या दिशेने आवाज दिला, "अगं, बाहेर ये! सोलरवाल्यांचीसुद्धा गेलीय!"

काकू आल्या. त्यांनाही ऊन, पॅनेल आणि मी, याच क्रमाने दाखवण्यात आलं. बॅटरी बसवली तर असं होत नाही, असं मी पुटपुटलो. "मग बसवायची की," काका म्हणाले. दुसऱ्याच्या पैशाने बॅटरी बसवताना माणूस फार उदार होतो. जाता जाता त्यांनी सांगितलं की गच्चीवर नवी पाण्याची टाकी येतेय, उंच स्टँडवर. त्यांची गच्ची माझ्या दक्षिणेला. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या रांगेतली बाकीचीही ढेपाळू शकतात, हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगून पाहिलं. काका म्हणाले, "ऊन फुकट मिळतं म्हणता ना? मग सावलीही फुकटच समजा."

अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्स नावाच्या गृहस्थाने १८८० च्या दशकात सेलेनियमची पॅनेलं न्यूयॉर्कच्या एका छपरावर चढवली होती. पडलेल्या उन्हातला एक टक्कासुद्धा त्या पॅनेलांतून वीज होऊन येत नव्हता. त्याच्या शेजारी कोण राहायचं याची नोंद इतिहासात नाही, पण कुणीतरी असणारच. पुढे १९५४ मध्ये बेल लॅब्ज या प्रयोगशाळेचा सिलिकॉनचा सोलर सेल आला, तो सहा टक्क्यांच्या आसपास. तिथून जगातल्या सगळ्या पॅनेलांची क्षमता मिळून एक टेरावॉट, म्हणजे हजार गिगावॉट, व्हायला २०२२ साल उजाडलं, आणि दुसरं टेरावॉट २०२४ मध्ये झालंसुद्धा! गेल्या दशकात पॅनेलं इतकी स्वस्त झाली की आता अडतं ते त्यांच्यापाशी नाही. अडतं तारेपाशी, परवानगीपाशी आणि मीटरपाशी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं होतं की अक्षय ऊर्जेचे किमान ३,००० गिगावॉटचे प्रकल्प ग्रिडच्या जोडणीसाठी रांगेत आहेत. जे जोडले गेलेत त्यांतल्याही काहींना ऐन दुपारी, वीज जास्त झाली म्हणून, उत्पादन कमी करायला सांगतात. जेवायला बोलवायचं आणि पान मांडल्यावर ताट उचलायचं, त्यातली गत.

त्या रांगेत शेपटाला मीही होतो. पॅनेलं चढली, बसवणारे पैसे घेऊन गेले, पण दोन्हीकडची वीज मोजणारा मीटर लागेपर्यंत बटण दाबायचं नाही, असा नियम. नियमाबद्दल तक्रार नाही. तक्रार अर्जाबद्दल आहे. छपराचं तोंड कुठल्या दिशेला, असा एक रकाना होता. मी 'दक्षिण' लिहिलं. अर्ज परत आला: 'दिशा सविस्तर लिहावी.' दक्षिण सविस्तर कशी लिहायची? शेवटी 'उत्तरेच्या बरोबर विरुद्ध बाजूस असलेली दक्षिण' असं लिहिलं आणि ते मंजूर झालं. मग सहीवाले साहेब रजेवर. साहेब आले तेव्हा मीटर संपलेले. मीटर आले तेव्हा बसवणारा नाही.

एवढं होईस्तोवर अख्खा उन्हाळा छपरावर ओतून गेला. पॅनेलं चटके खात नुसती पडून, आणि खाली मी नेहमीचं बिल नेहमीच्या तारखेला भरतोय. त्या उन्हाचा हिशेब कोण देणार? विचारलं तर खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ऊन आमच्या अखत्यारीत येत नाही."

शेवटी मीटर लागला तेव्हा आभाळ गच्च भरून आलं होतं. बसवणाऱ्याने सील ठोकलं, हात पुसले, वर एकदा बघितलं आणि म्हणाला, "करा चालू. आता काही अडचण नाही."